मिरजेचं छप्पर

"तुमचं छप्पर कोण?"

मी वर बघितलं. पत्रा होता. त्यावर माझ्या शेजारणीनं, जिनानं, जुनी सतरंजी अंथरलेली आणि ती उडू नये म्हणून वर विटा ठेवलेल्या.

"अजून गळत नाही," मी म्हटलं.

काउंटरखाली जिनानं माझ्या पायावर बूट ठेवला आणि दाबला.

काउंटरच्या पलीकडे जो उभा होता त्याला आमच्या टपरीत शिरायचं असतं तर दोन हप्त्यांत शिरावं लागलं असतं, एवढा तो रुंद. मान नव्हतीच. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. गळ्यात सोन्याची साखळी, म्हशीला बांधता येईल अशी. नाव गेन्नादी, पण बाजार त्याला गेना म्हणायचा, तेही आवाज खाली आणून. पूर्वी तो वजनं उचलायचा. सरकार त्याला दूध, मांस आणि पदकं द्यायचं. मग सरकारच गेलं. लोखंड उचलायची सवय राहिली, म्हणून गेना लोकांची शटरं उचलायला लागला.

"छप्पर म्हणजे असं बघा," तो शाळामास्तरासारखा समजावून सांगायला लागला, "कोणी तुमच्याकडे वाकडं बघितलं तर तुम्ही हाक कोणाला मारता?"

आपल्याकडे विचारतात ना, हप्ता कोणाला देता, तेच. फक्त मॉस्कोत विचारायची रीत जरा घरंदाज होती.

"पोलिसाला," मी म्हटलं.

गेना हसला. त्याच्या मागचे दोघं हसले. जिनाही हसली, आणि तिनं दुसऱ्याही पायावर बूट ठेवला.

ते ब्याण्णव साल. हे, म्हणजे माझे यजमान, तिथल्या एका प्रकाशनगृहात रशियन पुस्तकांचं मराठी करायचे. ट्रॅक्टरच्या गोष्टी, अस्वलाच्या गोष्टी, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या अस्वलाच्याही असतील. देश मोडला आणि प्रकाशनगृह बसलं. पगार म्हणून ह्यांना काय मिळालं? यांचीच पुस्तकं, गठ्ठे बांधून. मॉस्कोत मराठी पुस्तकं विकायची कोणाला? हे खुर्चीत बसले ते बसलेच. दाढीसुद्धा करेनात. मग मी एक दिवस बटाटे उकडले.

बेसन नव्हतं. पिवळ्या वाटाण्याचं पीठ मिळायचं, ते चालवलं. मिरची उझबेकांकडून, लसूण हवा तेवढा. शेजारची जिना भागीदार झाली. जिना एका शिक्षणसंस्थेत 'भांडवलशाहीचा अंत' हा विषय शिकवायची. आता ती मेट्रोच्या तोंडाशी उभी राहून "गरम वडे, गरम वडे" ओरडायची, आणि विद्यार्थी दिसला की कढईमागे लपायची. वडे बांधून द्यायला कागद लागतो. घरात गठ्ठे होतेच. ह्यांनी स्वतः पानं फाडून दिली, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं होतं.

तर ही टपरी होती म्हणून आम्ही दोन वेळा जेवत होतो. आणि समोर रस्त्याच्या पलीकडे एका जॉर्जियन बाईची फुलांची टपरी होती, ती आता नव्हती. काळा चौकोन होता नुसता. तिनं 'आमचं छप्पर कोणी नाही' असं खरं उत्तर दिलं होतं.

खरं उत्तर देण्यातला धोका मला लहानपणापासून माहीत आहे.

"आमचं छप्पर आहे की," मी कढईत झारा फिरवत म्हटलं. "मिरजेचं."

"हे कोण मिर्झेस्की?" गेनानं मागच्या दोघांना विचारलं. दोघांनी खांदे उडवले.

"इथले नाहीत. मिरज म्हणजे आमच्याकडे मोठं जंक्शन. तिथे स्टेशनपासून पुढे जो काही माणूस फिरतो, तो आमच्या बाईंना विचारून फिरतो. गोदाक्का म्हणतात त्यांना."

"बाई?"

"बाईच. नऊ वार नेसतात. एकच हाक मारतात. मोठमोठे हमाल, पैलवान त्यांच्यासमोर मान खाली घालून बसतात, आणि त्या उठा म्हणाल्याशिवाय कोणी उठत नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. गोदाक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मिरज स्टेशनसमोर त्यांची खाणावळ होती. तिथे माणसं मान खाली घालूनच बसायची, ताटात बघत.

गेना विचारात पडला. बाजाराचा कायदा असा होता की एखाद्याचं छप्पर असेल तर त्याला हात लावायचा नाही. आधी छपराला भेटायचं, बसायचं, बोलायचं, मग काय ते. हा कायदा कोणी लिहिला माहीत नाही, पण तेवढा एकच कायदा त्या वर्षी मॉस्कोत पाळला जात होता.

"मग भेटू दे तुझ्या गोदाक्काला," तो म्हणाला. "कधी येते ती मॉस्कोला?"

अशा वेळी माणसानं 'पुढच्या वर्षी' म्हणावं. पण माझी जीभ एकदा धावायला लागली की मलाच तिच्यामागे धावावं लागतं.

"रविवारच्या विमानानं," मी म्हटलं.

हेही खरंच होतं. पगार चालू असताना ह्यांनी आईसाठी तिकीट काढून ठेवलं होतं, पैसे परत न मिळणारं. सासूबाई रविवारी येणार होत्या.

"गुरुवारी पाच वाजता," गेना म्हणाला. "जुन्या कारखान्याच्या कँटीनमध्ये. ती आली तर बोलू. नाही आली, तर शुक्रवारी तुम्ही फुलवालीसारखं काहीतरी दुसरं बघा." आणि जाताना त्यानं एक वडा उचलला, खाल्ला, जरा थांबला आणि आणखी एक उचलला.

तो वळल्यावर जिना म्हणाली, "शालन, ही गोदाक्का खरोखर कोण आहे?"

"माझी सासू."

जिनानं देवाचं नाव घेतलं. आयुष्यभर ती देव नाही असं शिकवत आली होती.

*

आता दुसरी अडचण ऐका. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, टपरीचं काहीच माहीत नव्हतं. ह्यांनी पत्रातून कळवलं होतं की शालन मॉस्को रेडिओवर मराठी बातम्या देते. खाणावळीवर वाढलेल्या मुलानं आईला कसं सांगावं की तुझी सून परदेशात रस्त्यावर वडे तळते? "आईला कळता कामा नये," हे मला सारखं बजावत होते. "तिनं मला शिकवलं ते कशासाठी?"

रविवारी आत्याबाई उतरल्या. नऊवारी, त्यावर ह्यांचा जुना ओव्हरकोट, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि टोपीच्या वर पदर. आल्या आल्या घरभर फिरल्या, स्वयंपाकघरात नाक वर करून उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे बघितलं.

"रेडिओचं काम लई जोखमीचं दिसतंय गं," म्हणाल्या. "हाताला भाजल्याचे डाग पडतात?"

"यंत्रं गरम होतात ना, आत्याबाई."

"होतात की," त्या म्हणाल्या, आणि सुपारी कातरायला बसल्या.

बुधवारी रात्रीपासून ह्यांना ताप भरला. नेमका. रजई डोक्यावर घेऊन आतून म्हणाले, "शालन, तूच बघ काय ते." मी बघितलंच. गुरुवारी दुपारी आत्याबाईंना म्हटलं, "ह्यांच्या ऑफिसच्या साहेबांनी तुमच्यासाठी चहापान ठेवलंय. भारतातून अनुवादकाची आई आली म्हणून."

"आज संकष्टी हाय."

"नुसतं बसायचं. काही घेऊ नका."

"चंद्र बघितल्याशिवाय मी पाणीसुद्धा घेणार नाही. आणि त्याच्या पगाराचं मी विचारणार त्या साहेबाला."

"विचारा की. मी रशियनमध्ये सांगते."

त्यांनी नैवेद्याचे तळणीचे मोदक केले. खोबरं मिरजेहून आणलेलं. डबा, तांब्याचं तामण, अक्षता आणि पंचांग असं सगळं पिशवीत घातलं, आणि आम्ही दोघी ट्रॅमनं साहेबाच्या चहापानाला निघालो.

*

कँटीनच्या भिंतीवर अख्खाच्या अख्खा कामगारवर्ग रंगीत फरशीच्या तुकड्यांत काढलेला होता. कोपऱ्यात पुतळा होता, त्याच्या डोक्यावर कोणीतरी केसाळ टोपी अडकवली होती. मधल्या टेबलाशी गेना आणि त्याचे ते दोघं, एक चामड्याच्या जाकिटातला, एक खेळाडूंच्या निळ्या पँटमधला. आणखी चारपाच जण भिंतीला टेकून. टेबलावर काकडी, हेरिंग मासा, पाव आणि बाटली.

आत्याबाई शिरल्या तसे सगळे उभे राहिले. ओव्हरकोट, त्याखालून नऊवारीचा काष्टा, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. भिंतीला टेकलेले पण ताठ झाले. गेनानं स्वतः खुर्ची ओढून दिली.

आत्याबाई बसल्या. त्याच्याकडे नीट बघितलं. "हा साहेब? ह्याला मान कुठाय?"

"काय म्हणाल्या?" गेना.

"म्हणतात, तुमची तब्येत उत्तम आहे."

गेनानं मान झुकवली. म्हणजे डोकं झुकवलं. "सांग त्यांना, हा रस्ता मी सांभाळतो. त्यांच्या माणसांच्या केसाला धक्का लागू नये अशीच माझी इच्छा आहे. पण खर्च असतात."

मी आत्याबाईंकडे वळले. "साहेब म्हणतात, तुमचा मुलगा फार हुशार. पण सरकार बदललं, कागद मिळत नाही, छपाई बंद, म्हणून पगार थकलाय."

"कागद मिळत नाही आन् गळ्यात ही साखळी मिळते? बेंदराला बैलाला घालतात तसली?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणतात, आमच्याकडे असा दागिना वर्षातून एकदाच घालतात. सगळ्यात जास्त कष्ट करतो त्याला."

गेना खूश झाला. साखळी त्यानं शर्टाच्या बाहेर नीट काढून ठेवली. मग बाटली उघडली, सगळ्यांचे पेले भरायला लागला, आणि शेवटचा पेला आत्याबाईंसमोर ठेवून बाटली तिरकी केली.

आत्याबाईंनी हात पुढे केला आणि पेला टेबलावर पालथा घातला. आपल्याकडे बायका ताट झाकतात तसा, अगदी सहज.

गेनाबरोबर न पिणारे लोक बाजारात होते म्हणे, पण त्याच्यासमोर पेला पालथा घालणारा माणूस कोणी अजून बघितला नव्हता. चामड्याच्या जाकिटवाल्यानं जाकिटात हात घातला. भिंतीवाला एकजण भिंतीपासून सुटा झाला.

"ती माझ्याबरोबर पीत नाही?" गेनानं अगदी मऊ आवाजात विचारलं.

"आत्याबाई, काहीतरी बोला," मी पुटपुटले.

"सांगितलं की. तो आल्याशिवाय पाणी नाही."

मी गेनाकडे वळले. "त्या म्हणतात, तो आल्याशिवाय पाणीसुद्धा घेणार नाहीत."

"तो कोण?"

आता मला पण माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे ते. "त्यांच्याही वरचा."

गेनानं त्या दोघांकडे बघितलं. त्या दोघांनी दाराकडे बघितलं.

"हिच्या वर आणखी कोणी आहे?"

"सगळ्यांच्याच वर आहे."

"कधी येणार?"

"आत्याबाई, कधी येणार?"

त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं, चष्मा लावला, बोट फिरवत गेल्या. "नऊला धा मिनिटं कमी."

मी सांगितलं. पंचांगावरच्या कुंडल्यांचे चौकोन बघून निळ्या पँटवाल्याचे डोळे विस्फारले. "हा नकाशा आहे," तो गेनाच्या कानात म्हणाला, आम्हाला ऐकू येईल असा. "बघ, घरं आखलीयत. त्यात आकडे घातलेत."

माणसाला स्वतःच्या डोक्यानं जे सुचतं त्यात आपण भर घालू नये.

मग आम्ही बसलो. गेनानं बाटलीला बूच लावलं, कारण जो येणार होता त्याच्यासमोर तोंडाला वास नको. एकाला दारात उभं केलं, एकाला मागच्या गल्लीत. आत्याबाई मधूनच उठायच्या, खिडकीशी जायच्या, बाहेर आभाळाकडे बघायच्या, मान हलवून परत यायच्या. त्या उठल्या की सगळे उठायचे. त्या बसल्या की सगळे बसायचे. खाणावळीत व्हायचं तसंच.

"विचार त्याला, बायकामुलं हायत का?" आत्याबाई म्हणाल्या.

"त्या विचारतात, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

गेनाचा चेहरा पडला. "हे कशाला विचारते ती?"

"सहज."

"सहज कोणी असं विचारत नाही," तो म्हणाला, आणि त्यानं कपाळ पुसलं.

मी मात्र घड्याळ बघत होते. नऊ वाजता काय होणार? चंद्र उगवणार, आत्याबाई हात जोडणार आणि मोदक खाणार. गेनाला कळणार की येणारं कोणी नव्हतंच. मग शुक्रवारी आमच्या टपरीचा पण काळा चौकोन. मग हे रजईतून कधी बाहेर येणार? आम्ही मिरजेला कोणत्या तोंडानं जाणार? म्हटलं, नऊपर्यंत काहीतरी सुचेल. मला सुचतं.

पण पंचांग होतं मिरजेचं. आणि तिकडे वर त्या देशात, पानगळीच्या त्या दिवसांत, चंद्राची वेळ काही वेगळीच असते. साडेसहासुद्धा वाजले नसतील. आत्याबाई खिडकीशी गेल्या आणि कारखान्याच्या धुराड्यामागून तो वर येत होता, तांबडा, परातीएवढा.

"आला!" आत्याबाई ओरडल्या. खाणावळीत चाळीस माणसांच्या कालव्यावर चढणारा आवाज तो. "आला गं बाई! शालन, तो बघ आला!"

'आला' या शब्दाचं रशियन कोणाला लागलं नाही.

निळ्या पँटवाला टेबलाखाली गेला, जाताना हेरिंगचं ताट घेऊन गेला. चामड्याचं जाकीट त्या पुतळ्यामागे. भिंतीवाले सगळे जमिनीवर आडवे. एकजण तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडला, तो कझानला पोचेपर्यंत थांबला नाही म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते, पण तो परत दिसला नाही हे खरं. फक्त गेना खुर्चीत बसून राहिला. हलला नाही. त्याचा पेला मात्र आडवा झाला होता आणि दारू टेबलावरून त्याच्या मांडीवर टपटप गळत होती.

आत्याबाईंचं या कशाकडे लक्षच नव्हतं. पिशवी उचलून त्या अंगणात गेल्या. मी मागे धावले. माझ्या मागे गेना, कोटात हात घालून.

अंगणात कोणी नव्हतं. गंजलेली यंत्रं होती, आणि वर चंद्र. आत्याबाईंनी टोपी काढली, पदर सारखा केला, तामण खाली ठेवलं, ओंजळीतून अर्घ्य सोडलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले.

गेनानं अंगणाच्या चारी कोपऱ्यांत बघितलं. मग फाटकाकडे. मग आत्याबाईंचे हात कुठे जोडलेत तिकडे, वर.

"हा?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"हा आला?"

"हाच."

तो बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला कोणीच नाही." आवाज आता मास्तराचा नव्हता. "मला माझ्या माणसांसमोर बसवून ठेवलंस. उद्यापर्यंत थांबायची पण गरज नाही. आत्ताच माणूस पाठवतो टपरीवर."

माझी जीभ, आयुष्यात पहिल्यांदा, जागची हलेना.

"काय म्हणतो गं?" आत्याबाई उठत म्हणाल्या. "टपरी जाळतो म्हणतो का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तोंड मिट आधी. रेडिओवर बोलणारीच्या केसांना तळणाचा वास येतो होय गं? मी चाळीस वर्षं कढईपुढं काढली, मला शिकवता? आन् मघापासून बघतीय, मी दोन शब्द बोलले की तुझं भाषण होतंय, मी बेंदराच्या बैलावरून बोलले तर हा लाजतोय! साहेब म्हणे. फुकट जेवणारा मी लांबून ओळखते. आता मी सांगते तेवढंच सांग. वर मसाला घालू नको."

त्यांनी डबा उघडला. गेनाचा हात कोटातून बाहेर काढला, मनगटाला धरून, पोराचा काढावा तसा. त्यावर मोदक ठेवला.

"खा म्हणावं. उपास माझा हाय, ह्याचा नाही."

मी तेवढंच सांगितलं. गेना हातातल्या मोदकाकडे बघत राहिला.

"सांग त्याला. मिरज स्टेशनावर असाच एक होता, बाबू खंडोजी. सगळ्यांकडनं हप्ता घ्यायचा. माझ्याकडं आला, तर मी म्हटलं, पैसा देणार नाही, पण रोज दोन्ही वेळा येऊन जेव. तो येईपर्यंत त्याचं ताट मी झाकून ठेवायची. त्यानं नंतर माझ्या दारावर कोणाला येऊ दिलं नाही. मला भिऊन नव्हे. सगळ्या मिरजेत त्याच्यासाठी तेवढं एकच ताट झाकलेलं असायचं."

मी सांगत गेले. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. किती अवघड काम आहे ते, तेव्हा मला कळलं.

"आता विचार त्याला," आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्यासाठी कोण थांबतं जेवायचं?"

मी विचारलं.

आतून कँटीनमध्ये खुर्च्या सरळ केल्याचे आवाज येत होते. गेनानं मोदक तोंडात टाकला. चावला. खोबऱ्याशी पोचला असेल, थांबला. आणि मग हात परत पुढे केला.

तिथेच, त्या गंजलेल्या यंत्रावर बसून, त्यानं एकामागून एक सगळे मोदक खाल्ले. सगळे. नैवेद्याचासुद्धा ठेवला नाही. आत्याबाईंना उपास सोडायला शेवटी कँटीनमधला शिळा पाव मिळाला, तो त्यांनी तोंड वाकडं करत खाल्ला, आणि वर म्हणाल्या, "ह्याला कोणी वाढलेलंच नाही गं, बरेच दिवस."

रिकामा डबा परत देताना गेना हळूच माझ्याशी बोलला. "टपरीवर माझं एक ताट. रोज. दुसरं काही नको." मग कँटीनच्या दाराकडे बघत, "आणि ते टेबलाखालचं कोणाला कळता कामा नये. चंद्राला भिऊन टेबलाखाली गेले म्हटलं तर मला बाजारात कोणी उभं करणार नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. आणि पाळला, मॉस्कोत असेपर्यंत पाळला. मिरजेत सांगू नको अशी अट त्यानं घातली नव्हती.

*

परतीच्या ट्रॅममध्ये आत्याबाई म्हणाल्या, "त्याला सांगू नको मला कळलंय म्हणून."

"कोणाला?"

"माझ्या लेकाला. त्याला वाटू दे तू रेडिओवर हायस. आईला बरं वाटावं म्हणून केलंय त्यानं. आन् उद्यापासनं मी तुझ्याबरोबर रेडिओवर येणार. वाटाण्याच्या पिठाला मोहन कमी पडतंय तुझ्या, वासावरनं कळतं."

बर्फ पडायला लागेपर्यंत त्या रोज 'रेडिओवर' आल्या. गेना दुपारी यायचा, बाहेरच उभा राहून जेवायचा. ओळ मोडून पुढे घुसणाऱ्याला आत्याबाई झाऱ्यानं मागे लोटायच्या, त्यात एकदा त्यानंच मार खाल्ला. विमानतळावर त्यांची ट्रंक त्यानं एका हातानं उचलली. कस्टमवाल्यानं ती उघडायला सांगितली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका टोळीचे लोक आले. नवे होते. काउंटरवर कोपर टेकून त्यांनी विचारलं, "तुमचं छप्पर कोण?" निळ्या पँटवाला शेजारीच वडा खात उभा होता. त्यानं तोंडातला घास गिळला आणि बोटानं वर दाखवलं, पत्र्याच्याही वर. काय सांगितलं त्यानं त्यांना, देव जाणे. ते माफी मागून गेले.

गेनाचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. जिना पत्र लिहायची तोवर लिहायची. एकदा तिनं लिहिलं, त्याची बँक आहे. नंतर दुसऱ्या कोणी सांगितलं, काळ्या दगडाखाली झोपलाय, दगडावर साखळीसकट चित्र कोरलंय. मी बँकेचं खरं धरते.

हे शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले की शालन मॉस्को रेडिओवर होती. आत्याबाई समोर बसून सुपारी कातरायच्या आणि म्हणायच्या, "होय की, आवाज लांबवर ऐकू यायचा."

आता माझी संकष्टी बघून सगळे हसतात. देवाधर्माचं माझ्यात काही नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी त्या दिवशी मी चंद्र दिसेपर्यंत पाणी घेत नाही. ढग आले तर गच्चीवर खुर्ची टाकून बसते. नातसून म्हणते, आजी, कशाला एवढी भक्ती या वयात?

भक्ती कसली गं. हप्ता आहे तो.